आपली माती आंबट नाही

तायांनो, माती आंबटही असते. कोकणात धो-धो पावसानं मातीतला चुना धुऊन नेला. त्या तांबड्या, आम्ल मातीत काजू रमतो. साताऱ्याच्या कास पठारावर अशाच मातीत अन्न इतकं कमी, की दवबिंदू नावाचं रोप किडे धरून भूक भागवतं.

आपल्या लातूरची काळी माती उलट, चुनखडीची. सामू, म्हणजे आंबटपणाचं माप, बहुधा ७ च्या वर. त्यामुळं मातीत लोह असूनही पिकाला उचलता येत नाही. सोयाबीनचं कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर ती लोहाची भूक. तिथं युरियाची गोणी टाकणं म्हणजे बचतीचा पैसा मातीत घालणं.

पेरणीआधी माती तपासून घ्या. बांध, उकिरडा सोडून आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती मिसळा, अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. कागदावरचा सामू वाचा, मगच खताच्या दुकानाची पायरी चढा.