मूत्राशयाऐवजी आतड्याची पिशवी : शस्त्रक्रियेनंतरची दक्षता

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर इच्छापोर हे गाव असून तेथे आता औद्योगिक वसाहत आहे. सुरत परिसरातील कापड व रंगाईच्या व्यवसायात खानदेशातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, ही गोष्ट जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ साली निदर्शनास आणली. तंबाखू हे तर या रोगाचे प्रमुख कारण होय.

रोग स्नायूपर्यंत पोहोचल्यास बहुधा मूत्राशय काढावे लागते. मग मूत्राला वाट कोठून द्यावयाची? अमेरिकेतील ब्रिकर यांनी १९५० साली रूढ केलेल्या पद्धतीत लहान आतड्याच्या तुकड्यातून मूत्र पोटावरील छिद्रावाटे बाहेरच्या पिशवीत येते. स्वीडनचे निल्स कॉक यांनी १९८२ साली आतड्याचीच साठवण-पिशवी पोटात तयार केल्याचे प्रसिद्ध केले. ती रोगी स्वतः नळीने रिकामी करतो. पुढे अशी पिशवी थेट मूत्रमार्गास जोडण्याची पद्धतही रूढ झाली.

मात्र आतडे नवे काम पत्करते, तरी आपला मूळ स्वभाव सोडीत नाही. शोषण हा त्याचा धर्म. मूत्रातील क्षार पुन्हा रक्तात शिरतात आणि रक्ताची आम्लता वाढते; त्यामुळे थकवा येतो व कालांतराने हाडे दुर्बल होतात. आतडे चिकट स्राव निर्माण करते. त्यातून अडथळा, जंतुसंसर्ग व खडे उद्भवतात. मूत्रवाहिनीचा जोड आकुंचित झाल्यास मूत्रपिंडास हळूहळू, पुष्कळदा वेदनेवाचून, इजा पोहोचते. काहींना रात्री लघवीवर ताबा राहत नाही. जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव तर काही वर्षांनी प्रकट होते, कारण यकृतातील साठा तोवर पुरतो.

यास्तव, बरे वाटते म्हणून तपासणी सोडणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते. रक्तातील क्षार, मूत्रपिंडांचे कार्य, ब-१२ आणि सोनोग्राफी यांची नियमित तपासणी आजन्म चालू ठेवावी. पाणी भरपूर प्यावे, पिशवी ठरल्या वेळी रिकामी करावी. ताप वा कुशीत वेदना होताच रुग्णालय गाठावे. ज्यांचे मूत्रपिंड आधीच क्षीण आहे, त्यांना साधी बाहेरची पिशवीच अधिक हितकारक असते. तीत कमीपणा मानू नये.

आणि ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही, त्यांनी एवढे ध्यानी धरावे : लघवीत एकदा जरी रक्त दिसले, दुखत नसले तरी, ते दुर्लक्षू नये. वेळीच निदान झाल्यास पुष्कळांचे मूत्राशय वाचू शकते.