बदली मुंबईला, घर कुठे?

सोलापूर-नांदेडकडून बदली होऊन मुंबईला येणारं कुटुंब सगळ्यात आधी भाडं विचारतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी लोकलची लाइन विचारा. पश्चिम, मध्य की हार्बर? ऑफिस ज्या लाइनवर, शक्यतो घरही त्याच लाइनवर घ्या. ऑफिस अंधेरीला आणि घर डोंबिवलीला असेल, तर घाटकोपरला उतरून मेट्रो पकडता येते. २०१४ पासून ही मोठी सोय झाली, पण गर्दी दोनदा सोसावी लागते. ऐरोलीत नोकरी असेल तर ट्रान्स-हार्बर लाइनमुळे ठाणं बरं पडतं.

घर बघायला रविवारी जाऊ नका. सोमवारी सकाळी आठला तिथल्या स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. कर्जत-कसाऱ्याकडून आलेली लोकल डोंबिवलीत शिरते तेव्हा दारात पाय ठेवायला जागा नसते. तिथूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळण्याची आशा तरी असते. अशा गाड्या किती आणि कधी, ते वेळापत्रकात आधीच बघा.

शाळा मात्र चालत जाण्याच्या अंतरावरच हवी. पावसात गाड्या खोळंबल्या की आईबाबा दोघंही अडकतात, तेव्हा मुलांना शेजारच्या आजी आणू शकतात.

पाणी किती वाजता येतं, मे महिन्यात टँकर लागतो का, जुलैत गल्ली तुंबते का, हे एजंटला नव्हे, वॉचमनला विचारा. आणि भाडेकरार नोंदवूनच घ्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ही नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.