पत्र्याची वॉरंटी, छपराची जबाबदारी



आपण छपरावर चढून काम करणारी, करवून घेणारी माणसे. अध्यक्षपदावरून आपल्या व्यवसायाचा सर्वांगीण आढावा घ्यायची रीत आहे. आज मी तो घेणार नाही. मला एकाच कागदाविषयी बोलायचे आहे. जुने छप्पर उतरवून नवे पत्रे चढवले की घरमालकाच्या हाती जो पडतो, तो कंपनीच्या वॉरंटीचा कागद. तो आपण वाचत नाही, घरमालकाला वाचून दाखवत नाही, आणि त्याची किंमत घरमालक एकटा मोजतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत घरेच्या घरे उघडी पडली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. त्या काळात आपल्यापैकी कोणालाच उसंत नव्हती. दरवर्षी कौले परतायला माणसे मिळत नाहीत आणि परतलेली कौले वानरे टिकू देत नाहीत, म्हणून आधीच कंटाळलेल्या अनेकांनी तेव्हा मंगळुरी कौलांना रामराम ठोकला आणि रंगीत पत्रे घातले. दुकानात त्यांना दहा वर्षे, पंधरा वर्षे, वीस वर्षे असे आकडे सांगितले गेले. हे छपराचे आयुष्य, असेच लोकांनी धरले. आपणही ते तसेच धरू दिले.

कागद काय म्हणतो ते पाहू. चांगल्या प्रतीच्या रंगीत पत्र्याला रंगाखाली अॅल्युमिनियम आणि जस्ताचा लेप असतो. त्यात सुमारे ५५ टक्के अॅल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त आणि थोडे सिलिकॉन. पत्र्यावर ‘एझेड १५०’ छापले असेल, तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप आहे, असा त्याचा अर्थ. कंपनी हमी देते ती या लेपाची आणि रंगाची. पत्रा गंजून आरपार भोक पडणार नाही, रंगाचे पापुद्रे निघणार नाहीत, रंग ठरलेल्या मर्यादेपलीकडे फिका होणार नाही, एवढेच तिचे म्हणणे. छप्पर गळणार नाही, असे ती कुठेही म्हणत नाही. गळते ते स्क्रूच्या वॉशरमधून, रिजच्या फटीतून, दोन पत्र्यांचा जोड कमी ठेवला तिथून, पत्रा भिंतीला मिळतो तिथून. ही सगळी कामे आपल्या हातची आहेत.

पुढच्या अटी कोकणातल्या माणसाने डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात अशा आहेत. समुद्रापासून अमुक अंतराच्या आत घर असेल तर मुदत कमी, आणि अगदी किनाऱ्यालगत असेल तर कित्येक कागदांत हमीच नाही. गुहागर, दिवेआगर, मुरूड इथली वस्ती डोळ्यांसमोर आणा. किनाऱ्याला समांतर आळ्या, परसातल्या माडांच्या पलीकडे वाळू. तिथल्या माणसाला वीस वर्षांची वॉरंटी सांगून पत्रा विकला, तर नेमके काय विकले? गुरांच्या गोठ्यावरचा पत्राही बहुतेक कागदांत बाहेर ठेवलेला असतो, कारण शेणामुतातून निघणारा अमोनिया लेप खातो. आपल्याकडे घराचाच उतार पुढे ओढून त्याखाली गोठा असतो. छप्पर एक, पण अर्धे हमीत आणि अर्धे हमीबाहेर.

आणखी एक अट आपल्याला उलटी वाटेल. पाऊस ज्या भागाला धुतो तो भाग टिकतो, जिथे पाऊस पोचत नाही तो आधी सडतो. पागोळ्यांच्या आतल्या बाजूला, पडवीच्या छताखाली खारा वारा मीठ आणून ठेवतो आणि ते तिथेच राहते. म्हणून कागद सांगतो की असे भाग ठरावीक काळाने गोड्या पाण्याने धुवा. न धुतल्यास दावा मान्य होणार नाही. हे आपण किती घरमालकांना सांगितले आहे?

किनाऱ्यापासून बऱ्यापैकी आत असलेल्या एका घराचे छप्पर मला पाहायला बोलावले होते. पहिल्याच पावसाळ्यानंतर पत्र्यावर तांबूस ठिपक्यांची रांगोळी उठली होती. कंपनीचा माणूस येऊन गेला होता आणि ‘वॉरंटीत बसत नाही’ एवढे लिहून गेला होता. घरमालकाला वाटले, फसवले. मी वर चढून ठिपक्यांवरून बोट फिरवले, तर टोचले. पत्रे छपरावरच ठेवून ग्राइंडरने कापले होते. ठिणग्यांबरोबर उडालेला लोखंडाचा तापलेला कीस रंगात रुतला, पाऊस पडताच गंजला आणि त्या प्रत्येक ठिकाणी लेप उघडा पडला. कापल्यावर त्याच संध्याकाळी मऊ झाडू मारून पाणी ओतले असते, तरी नुकसान पुष्कळ कमी झाले असते. ग्राइंडर वापरूच नये, कात्रीने किंवा निबलरने कापावे, हे तर त्याच कागदात लिहिलेले होते. कंपनीचे म्हणणे नियमाला धरून होते. घरमालकाचा रागही खरा होता. मधला माणूस, म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी, कोणत्याच कागदावर नव्हता.

अशाच दोन गोष्टी उल्लेखून पुढे जातो. भिंतीचा जोड बंद करायला पत्र्यावर ओला सिमेंटचा गिलावा थापणे आता सोडायला हवे, कारण सिमेंटमधला अल्क अॅल्युमिनियमला खातो. आणि २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून पत्र्याला भोके पाडून सौर पॅनेलचे पाय बसवले जात आहेत. कंपनीला न विचारता पाडलेल्या भोकाभोवतीची हमी संपली असे समजा.

आता दावा मंजूर झाला, तर हातात काय येते? समजा पत्रे एक लाखाचे, मुदत वीस वर्षांची आणि दोष निघाला बाराव्या वर्षाच्या शेवटी. हमी वर्षागणिक घटणारी असेल, तर उरलेल्या आठ वर्षांचे चाळीस हजार. तेही बहुधा पत्र्यांच्या रूपात. जुने उतरवणे, परांची, वाहतूक, मजुरी आणि नवे स्क्रू हा सगळा भार मालकाचा. बदललेल्या पत्र्यालाही मुदत मिळते ती जुनी उरलेली.

कायदा अगदीच दुबळा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा निसर्ग वादळानंतर दीड-दोन महिन्यांनी, २० जुलै २०२० रोजी अमलात आला. पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या आयुष्याची हमी देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा. कामातली कसूर ही सेवेतली त्रुटी ठरते, आणि तिथे प्रतिवादी आपण असतो. ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. पण आयोगासमोर ग्राहक काय ठेवणार? पत्रे आपण आपल्या फर्मच्या नावाने उचलतो किंवा जीएसटी वाचवायला बिलाशिवायच, आणि त्याला चौरस फुटाचा एकरकमी दर सांगतो. त्याच्या नावाचा एकही कागद नसतो. पत्र्याच्या खालच्या बाजूला कंपनीचे नाव, जाडी, लेप आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. त्याखाली पीव्हीसीचे सीलिंग ठोकले की तोही पुरावा झाकला जातो.

म्हणून माझे मागणे तुमच्याकडे आहे, कंपन्यांकडे नाही. पत्र्यांचे बिल अधिकृत विक्रेत्याकडून घरमालकाच्याच नावाने घ्या. छापील मजकुराचा फोटो चढवण्यापूर्वी काढा आणि त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवा. घर समुद्रापासून किती अंतरावर आहे, गोठा आहे का, हे सांगून कंपनीकडून त्या घरापुरती लागू मुदत लेखी मागवा. मिळत नसेल, तर तसे मालकाला तोंडावर सांगा, मग काम हातचे गेले तरी चालेल. आणि कंपनीच्या कागदाला आपल्या सहीचा एक कागद जोडा, ज्यात स्क्रू, जोड, रिज आणि पन्हळ यांतून गळती झाली, तर तीन पावसाळे आम्ही स्वखर्चाने दुरुस्त करू, असे सरळ मराठीत लिहिलेले असेल.

या कागदाचा मसुदा तुमच्या फायलीत शेवटच्या पानावर आहे. दुपारच्या सत्रात तो ठराव म्हणून येईल. तीन पावसाळे ज्यांना फार वाटतात, त्यांनी तिथे उठून कारण सांगावे, आणि ज्यांना थोडे वाटतात, त्यांनीही. मी स्वतः पाचांच्या बाजूने मत देणार आहे.