‘आता या वयात?’

समुपदेशक बंधू-भगिनींनो,

शके 982 मधल्या, म्हणजे इ.स. 1060 च्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या या अंबरनाथ गावात संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनःपूर्वक स्वागत करते. यजमानपणात उल्हासनगर आणि बदलापूरही बरोबरीनं आहेत.

काळ, वय आणि समुपदेशन हा विषय आपण इथे चर्चेला घेतलात, याचा मला विशेष आनंद आहे. त्याचं एक कारण इथे शेजारीच आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही कॅम्पातल्या एखाद्या आजीला वय विचारलं, तर ती आकडा सांगत नाही. तळवा जमिनीपासून दीड हातावर धरते आणि म्हणते, ‘पाकिस्तान झालं तेव्हा मी एवढी होते.’ आपण केसपेपरवर ऐंशीच्या पुढचा काहीतरी आकडा टाकतो, आणि तिला जे सांगायचं होतं ते राहूनच जातं. म्हाताऱ्या माणसांचं असं जुनं उगाळणं हा वयाचा दोष नव्हे, आयुष्याचा हिशेब लावण्याची ती धडपड असते, हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्येच मांडलं. तरी घरचे म्हणतात, ‘आता या वयात कसलं समुपदेशन?’

तिशी उलटलेल्या अविवाहित मुलीला याच्या उलट ऐकावं लागतं: वय निघून चाललंय! कोणत्या वयात काय व्हायला हवं, हे ठरवणाऱ्या या दडपणाला मानसशास्त्रज्ञ बर्निस न्यूगार्टन यांनी सामाजिक घड्याळ म्हटलं. ते घड्याळ पुष्कळदा समुपदेशकाच्याही मनात टिकटिकत असतं, असं मला वाटतं.

आणि रोजच्या वेळेचं काय? बदलापूर ते मुंबईचं सीएसएमटी लोकलनं 68 किलोमीटर. सकाळी अंधारात डबा भरून निघालेली बाई रात्री साडेआठला उतरते, स्टेशनबाहेर भाजी घेते, मग घर. तिला आपण बुधवारी दुपारी चारची वेळ देतो. ती आली नाही, की ‘टाळाटाळ करते’ अशी नोंद होते. हा तिच्यावर अन्याय आहे.

म्हणून स्वागत समितीची विनंती आहे, की या तिन्ही शहरांत रात्री दहापर्यंत आणि रविवारी चालणाऱ्या समुपदेशन केंद्रांचा ठराव उद्याच्या समारोपात यावा. जागा मिळवून द्यायचं आम्ही पाहतो.