एमजी संपल्यावर काय?

एमडी, एमएस उरकून नुकत्याच मोकळ्या झालेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

वकील म्हणून माझ्याकडे डॉक्टरांची करारपत्रे येतात, पण बहुतेक सही झाल्यावर आणि भांडण पेटल्यावर. तोवर प्रत्येकाने एकच गोष्ट नीट वाचलेली असते, ती म्हणजे दरमहाचा आकडा. मला विचाराल तर करारातला सर्वांत कमी महत्त्वाचा मजकूर तोच.

सरकारी महाविद्यालयातून आलेल्यांनी आधी आपल्या सक्तीच्या सेवेच्या बाँडचा हिशेब मिटवावा. असे बाँड सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवले आहेत. त्यावर जास्त बोलत नाही.

आता खासगी रुग्णालयाची ऑफर घ्या. ‘दरमहा दोन लाख’ असे असते, पुढे बारीक अक्षरात ‘एमजी, सहा महिने’. म्हणजे मिनिमम गॅरंटी. सातव्या महिन्यापासून तुमच्या वाट्याला येते ते शेअरिंग. समजा, ओपीडीची फी ६०० रुपये आणि तुमचा हिस्सा ७० टक्के. नव्या गावात, नव्या नावाला दिवसाला पाच पेशंट आले आणि महिन्यात पंचवीस दिवस ओपीडी झाली, तर हाती पडतात ५२,५०० रुपये. वॉर्ड आणि शस्त्रक्रियांची भर त्यात पडेल, पण तीही तुम्हाला पेशंट मिळाले तरच. म्हणून विचारा: सहा महिन्यांत ओपीडी जमावी यासाठी रुग्णालय काय करणार? त्याच विषयाचे आणखी किती जण तिथे आधीच बसतात? आणि मुख्य प्रश्न, हिस्सा बिलावर की वसुलीवर? विम्याची बिले तपासणाऱ्या टीपीएने कापलेले पैसे आणि मॅनेजमेंटने ओळखीच्या पेशंटला दिलेली सूट कोणाच्या वाट्यातून जाणार, हे लिहून घ्या.

दुसरे, टीडीएस कसा कापणार ते पाहा. व्यावसायिक फी म्हणून सरसकट दहा टक्के कापत असतील, तर रुग्णालयाच्या लेखी तुम्ही नोकर नाही, कन्सल्टंट आहात. मग भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि मुलींनो, नोकरदार बाईला कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजाही नाही. गंमत अशी, की बायोमेट्रिक हजेरी मात्र असते आणि दुसरीकडे प्रॅक्टिसला बंदीही असते! बंधने नोकराची हवी असतील, तर हक्कही नोकराचे मागा.

आता सोडून जाण्याचे कलम. ‘सोडल्यावर दोन वर्षे दहा किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करणार नाही’ हे वाक्य वाचून तरुण डॉक्टर घाबरतात. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ धंद्यावरची अशी बंदी सर्वसाधारणपणे रद्दबातल मानते. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितले: करार संपल्यावरचे असे बंधन टिकत नाही. पण कराराची मुदत चालू असतानाचे बंधन टिकते. कल्याणच्या सेंच्युरी कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून प्रतिस्पर्ध्याकडे गेला. १९६७ च्या त्या गोलीकरी खटल्यात न्यायालय मालकाच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा पाच वर्षांच्या मुदतीवर सही करताना जपा.

मुदतीआधी सोडल्यास लाखांची भरपाई लिहिलेली असते. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात दोन लाखांची अशी अट सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. त्यामुळे ‘कोर्टात टिकत नाही हो’ असे कट्ट्यावर सांगणाऱ्यांवर विसंबू नका. मात्र करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मालकाला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. नोटीसही दोन्हीकडून सारखी हवी. तुम्ही सोडलेत तर तीन महिने आणि त्यांनी काढले तर एक, असे मसुदे मी नेहमी पाहतो.

इन्शुरन्सचे थोडक्यात सांगतो. १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे, म्हणजे पेशंट तुमच्यावर भरपाईचा दावा लावू शकतो. ‘रुग्णालयाची पॉलिसी आहे’ एवढ्यावर थांबू नका, स्वतःची इन्डेम्निटी घ्या आणि नोकरी बदलली तरी ती खंडित होऊ देऊ नका. कारण अशी पॉलिसी सहसा दावा दाखल होताना चालू असावी लागते, आणि दावा येतो तो तुम्ही ते रुग्णालय सोडल्यावरही.

एचआर म्हणेल, ‘सर, हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे सही करतात.’ करू देत. तुम्ही मसुदा चार दिवस घरी न्या, खटकणारी कलमे बदलून मागा, तोंडी कबूल केलेले ई-मेलवर घ्या. आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या.