सीट सरकली पाहिजे, थांबलीही पाहिजे

मैत्रिणींनो, बोर्ली पंचतनहून आम्ही बोलतोय.

आज विषय आहे जुन्या मोटारीचा. पद्मिनी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून निघाली, पुढे तिची पद्मिनी झाली. मुंबईतली काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली. घरच्या गाड्या मात्र कुणीकुणी जिवापाड जपतात.

या गाड्यांत आपल्याला नडते ती पुढची सीट. घरातल्या उंच माणसाच्या बेताने ती मागे लावलेली असते आणि खालचे रूळ गंजून तिथेच बसते. मग आपला पाय ब्रेकवर पुरता पोचत नाही. पाठीशी उशी घेऊन आपण भागवतो, नाहीतर किल्ली परत खुंटीला लावतो. पण जोरात ब्रेक दाबायच्या वेळी उशी दबते आणि पाय कमी पडतो. म्हणून सीटच सरकती करायला हवी.

त्यासाठी हाताशी असलेले खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका. खोबरेल थंडीत थिजते. गोडेतेलाचे काय होते, ते चुलीवरच्या फळीला विचारा! चिकट थर बसतो, त्यावर धूळ. इथे तर दिवेआगरच्या पुळणीची वाळू पायाबरोबर गाडीत येते. तेल आणि वाळू एकत्र आली की रूळ घासला जातो.

आधी सफाई. दाताच्या जुन्या ब्रशने वाळू झाडा. जुने ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा. दारे उघडी ठेवा, जवळ विस्तव नको. गंजाने धरले असेल तर डब्ल्यूडी-४० फवारून थोडा वेळ थांबा. ते गंज सोडवते, पण पातळ असल्याने फार टिकत नाही. म्हणून तेही पुसून घ्या.

आता निवड. गाडी रोज वापरात आहे, पाय वाळूचे आहेत, तर टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे घ्या. न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तोच हा पदार्थ. वाळू त्याला कमी धरते, साडीला डाग पडत नाही. गाडी बहुतेक दिवस उभी असते, पावसाळ्यात ओल लागते, तर पांढरे लिथियम ग्रीस बरे. ते पाण्याला दाद देत नाही आणि गंज अडवते. मात्र लोण्यासारखे थापू नका. बोटाने पातळ लावा, सीट पाचसहा वेळा पुढेमागे करा आणि बाहेर आलेले पुसा. स्प्रे मारताना पेडलांवर फडके टाका. पेडल निसरडे झाले तर घात होईल.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सीटवर बसा, हवी तिथे आणा आणि पुढेमागे जोर देऊन हलवा. खिट्टी बसल्याचा ‘खट्’ आवाज आला पाहिजे, सीट तसूभरही हलता कामा नये. चढणीला सीट मागे गेली तर पाय ब्रेकवरून सुटतो. खिट्टी झिजलेली किंवा बोल्टाखालचा पत्रा कुजलेला दिसला, तर तिथे ग्रीस काही करणार नाही. गाडी मेस्त्रीकडे न्या. आणि चालत्या गाडीत सीट कधीही सरकवू नका.

तर मैत्रिणींनो, आधी ब्रेक पूर्ण दाबून बघा, मगच किल्ली फिरवा.