संसर्गकाळात संघाचे रक्षण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



मंगल प्रसंगी संकटाचा विषय काढू नये असा संकेत आहे. तथापि सुवर्णमहोत्सव हा जसा कृतार्थतेचा, तसाच पुढील जबाबदारीच्या संकल्पाचाही प्रसंग असतो. कोविडच्या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. त्या काळाने जे शिकविले ते विस्मृतीत जाण्यापूर्वी त्याचा शांतपणे विचार करणे उचित होय.

२०२० साली धर्मस्थानांची दारे एकाएकी बंद झाली. ६ एप्रिलचे महावीर जन्मकल्याणक मिरवणुकीविना, घरोघरी साजरे झाले. ऑगस्टमध्ये पर्युषण आले तेव्हा मुंबईतील मंदिरे उघडण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २१ ऑगस्ट रोजी न्यायालयाने दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन मंदिरे पर्वाच्या अखेरच्या दोन दिवसांसाठी उघडण्यास अनुमती दिली. मात्र ही सवलत अन्य मंदिरांना किंवा गणेशोत्सवाला लागू नाही, असेही बजावले. पुढे राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पाडव्याला उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, पुनश्च उघडली. दार उघडावे की नाही हे शासन आणि न्यायालय सांगू शकते. आत आलेला प्रत्येक भाविक सुखरूप घरी परतावा, ही चिंता मात्र संघालाच वाहावी लागते.

ही चिंता वाहावयाची तर रोग पसरतो कसा हे प्रथम समजले पाहिजे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट खोऱ्यात १० मार्च २०२० रोजी एक गायकवृंद चर्चच्या सभागृहात सरावासाठी जमला. उपस्थित ६१ जण होते आणि त्यांपैकी बहुतेक वयोवृद्ध. हस्तांदोलन व आलिंगन त्यांनी टाळले होते. हातांसाठी जंतुनाशकही ठेवले होते. एका व्यक्तीला मात्र सर्दीसारखी लक्षणे होती. सुमारे अडीच तास गायन झाले. त्यानंतर ६१ पैकी ५३ जणांना रोग झाल्याचे आढळले. त्यांतील ३३ जणांचे निदान चाचणीने निश्चित झाले, २० जण संभाव्य रुग्ण ठरले आणि दोघांचे निधन झाले. हात स्वच्छ होते. परंतु बंद खोलीतील हवा सर्वांची एकच होती.

सांवत्सरिक प्रतिक्रमणाचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. दोन-तीन तासांचा अवधी, दाटीने बसलेला समुदाय, मुखाने मोठ्याने पाठ आणि त्यात ज्येष्ठांची संख्या अधिक. पर्युषण पावसाळ्यात येते, म्हणून खिडक्या लावलेल्या असतात. आणि वायुकायाच्या जीवांची विराधना टाळावी म्हणून अनेक ठिकाणी पंखाही वर्ज्य असतो. म्हणूनच पंखा नसेल तेथे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे, पावसाचा शिडकावा अडविण्यासाठी बाहेरून छज्जा किंवा ताडपत्री बांधणे, एका मोठ्या बैठकीऐवजी दोन-तीन लहान बैठका घेणे आणि सूत्रपाठ एकाने करून इतरांनी मनात अनुसरणे, ही व्यवस्था आचाराला धक्का न लावता करता येते.

मुखवस्त्रिकेविषयीही गैरसमज नसावा. मुहपत्तीचा वा पूजेच्या अष्टपडी मुखकोशाचा हेतू सूक्ष्म जीवांची रक्षा, वाणीचा संयम आणि आशातना टाळणे हा आहे. रोगप्रतिबंध हा त्यांचा हेतू नव्हे. मलमलीच्या ताण्याबाण्यात अंतर राहते. तीतून थुंकीचे मोठे थेंब अडतात, अतिसूक्ष्म कण नाहीत. एन-९५ मुखपट्टीत विणलेले कापड नसते. तीत विद्युतभारित कृत्रिम तंतूंचा थर असतो आणि तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवितो. साथीच्या दिवसांत ज्येष्ठांनी ती वापरावी, आणि ती नाकाशी घट्ट बसलेली असावी. उकळलेले पाणी हा स्तुत्य आचार आहे. पण श्वासातून येणाऱ्या रोगावर तो उपाय नव्हे. धर्माचरणाला औषधाचे रूप दिले की धर्मही दुबळा होतो आणि सावधगिरीही.

साधू-साध्वींचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. गोचरी अनेक घरांतून होते. म्हणून एका घरचा खोकला उपाश्रयात पोहोचण्यास वेळ लागत नाही. ज्या घरी आजार असेल त्याने संकोच न करता तसे कळवावे. दान चुकल्याची खंत एका दिवसाची असते. वृद्ध साध्वीजींना जडलेल्या आजाराची तशी नसते.

खरी अडचण येथेच आहे. ताप आलेला मनुष्य तो लपवितो, कारण उपवास मोडल्याची चर्चा होईल, पूजेचा चढावा दुसऱ्याकडे जाईल, लोक दुरून वळतील, अशी त्याला भीती वाटते. २०२० मध्ये बाधित कुटुंबांना शेजाऱ्यांनी टाळल्याचे प्रकार समाजात घडले. त्यामुळे पुढच्यांनी आजार सांगणेच टाळले. भीतीने लपविलेला एक ताप शंभर नियम निष्फळ करतो. म्हणून आजारी सभासदाची पूजा राखून ठेवणे, त्याच्या दारी भोजन व औषध पोहोचविणे, एकाकी वृद्धांना रोज एकदा दूरध्वनी करणे, हे कार्य संघाने साथ येण्यापूर्वीच वाटून दिले पाहिजे. लहान संघात प्रत्येकाचे नाव ठाऊक असते. आज कोण आले नाही हे मोठ्या तीर्थावर समजत नाही. पाऊणशे घरांच्या संघात ते पहिल्याच दिवशी समजते.

लसीकरणाचेही तसेच. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिकांना लस मिळू लागली. त्या वेळी नोंदणी न जमलेल्या वृद्धांसाठी कुणीतरी भ्रमणध्वनी हाती घेऊन बसणे, हीही वैयावृत्त्याचीच सेवा होती.

मंदिरात जाता न आल्याने अनेक आजी-आजोबांना झालेले दुःख खरे होते. वर्षानुवर्षे ज्या पायरीवर मस्तक ठेवले ती बंद झाली, तर मन सैरभैर होते. म्हणून केवळ बंदी हे उत्तर नाही. उघडी हवा, मोजकी उपस्थिती, ठरलेली वेळ आणि निःसंकोच सांगितलेला आजार यांनी दार शक्य तितके उघडे ठेवता येते. दुर्बल जीवाला आपल्यापासून पीडा होऊ नये, हे पाहणे अहिंसाव्रताचेच पालन आहे. पुढील साथ केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही. या महोत्सवाच्या वर्षातच न्यासाने एक कागद तयार करावा. त्यात खिडक्या कोण उघडील, आजाऱ्याकडे कोण जाईल आणि दार बंद करण्याचा निर्णय कोण घेईल, एवढे तरी लिहिलेले असावे.

जय जिनेंद्र!